रायफल बांधून झाली, आता गोळीला काय विकायचं?

आपल्या उरण पट्ट्यात 'गोळी' हा शब्द कोणी सहज तोंडातून काढत नाही. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आणि १६-१७ जानेवारी १९८४ चं जासई-नवघरचं आंदोलन, या दोन तारखा आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. गोळी म्हटलं की आपल्याला हुतात्मा स्मारक आठवतं. त्यामुळे मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थाने रात्री साडेदहाला फोन करून "पत्रकार, पोरीच्या गोलीचा काय तरी करा" असं म्हटलं, तेव्हा मी अंथरुणातून ताडकन उठून बसलो.

भानगड वेगळीच निघाली. पोरगी नेमबाज आहे. नाव देत नाही, कारण तिला अजून खेळायचंय. तेवीस वर्षांची, न्हावा शेव्याच्या एका सीएफएसमध्ये अर्धवेळ डेटा एंट्री करते आणि उरलेल्या वेळात रेंज गाठते. शाळेत एअर रायफलपासून सुरुवात केली, आता ५० मीटरच्या रायफल थ्री पोझिशनमध्ये आहे. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ज्यात पदक मिळवलं, तोच हा प्रकार.

बापाने तिच्यासाठी नवी रायफल बांधून घेतली. बांधून म्हणजे अक्षरशः बांधून. बॅरल निवडलं, ॲक्शन निवडली, स्टॉक तिच्या खांद्याच्या आणि गालाच्या मापाने बसवला. परवाना, परवानगी, कस्टम्स, सगळं रीतसर. पैसा आला साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटमधला हिस्सा विकून. आपल्याकडे साडेबारा टक्के विकून लोकांनी काय काय केलं ते मी सांगायला नको. स्कॉर्पिओ घेतल्या, लग्नांत डीजे लावले. याने पोरीला रायफल घेतली. मला ते आवडलं.

आणि रायफल घरी आल्यावर पोरीचे गुण वाढण्याऐवजी घसरले.

पाच महिने सगळे तिलाच बोलत होते. श्वास चुकतोय, ट्रिगर झटकतेस, लक्ष नाही, मोबाइल कमी कर. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी तिच्या क्लबमधल्या एका अनुभवी बाईंनी सांगितलं, "आधी रायफल स्टँडवर बांधा आणि गोळी तपासा. पोरीला नंतर बघू."

आज लिहायचंय ते या तपासणीबद्दल. खेळाच्या पानावर याबद्दल कधी ओळही येत नाही. मी स्वतः वीस वर्षं बातम्या लिहितो, पदकाच्या बातम्याही लिहिल्यात, पण ही गोष्ट मला मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हती, हे कबूल करतो.

एकाच नावाचा डबा, दोन वेगळ्या गोळ्या

आधी थोडं समजून घेऊ. कंटाळा करू नका, नंतरचा सगळा मुद्दा यावरच उभा आहे.

५० मीटरच्या रायफलीत पॉइंट २२ ची गोळी लागते. नेमबाज तिला 'पॉइंट टू-टू' म्हणतात. शिशाचा तुकडा सुमारे २.६ ग्रॅमचा, व्यास ५.६ मिलिमीटर. समोरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ आहे फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. ते पन्नास मीटरवरून मारायचं. वर्तुळाची प्रत्येक कड पुढच्या कडेपासून आठ मिलिमीटरवर असते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, तेव्हा ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. नखाची जाडीही यापेक्षा फार कमी नसते.

या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवतात, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, म्हणून ही काळजी. आता समजा, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी पडला. गुरुत्वाकर्षणाचं साधं गणित मांडलं तर ती गोळी पन्नास मीटरवर सुमारे सात मिलिमीटर खाली लागते. म्हणजे नेमबाजाने काहीही चूक केलेली नाही, श्वास बरोबर, नेम बरोबर, ट्रिगर बरोबर, तरी जवळजवळ एक गुण गेला. आणि वेग कमी कशाने पडला? त्या टीचभर काडतुसात दारूचे काही कण कमी पडले, किंवा पेटवणारा मसाला कडेच्या खाचेत सगळीकडे सारखा पसरला नाही, एवढ्याने.

मोठ्या बोअरच्या रायफलीचे नेमबाज काडतुसं स्वतः भरू शकतात. दारू तोलून घालायची, आपल्या बॅरलला जमेल तशी गोळी तयार करायची. पॉइंट २२ ला ती सोय नाही. तिचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, ते काम कारखान्यातच होतं. तुम्ही फक्त निवडू शकता. म्हणून या खेळात निवडणं हीच अर्धी कारागिरी.

आणि निवडायचं काय? कंपनी नाही, लॉट. डब्यावर छापलेला तो बारीक नंबर. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, लापुआ, एसके ही या धंद्यातली मोठी नावं. पण एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन डब्यांत लॉट वेगळा असेल तर एकच रायफल दोन वेगळे निकाल देते. उलटही होतं. जो लॉट एका नेमबाजाच्या रायफलीत सोनं, तो त्याच्या शेजारच्याच्या रायफलीत माती. बॅरलच्या आतल्या खाचा, चेंबरचं माप, गोळी बसण्याची जागा, सगळं केसाएवढं वेगळं असतं. लग्न जुळवताना पत्रिका बघतात तसंच हे, फक्त इथे पत्रिका खरी ठरते.

म्हणून युरोपातले नेमबाज रायफल घेऊन थेट गोळीच्या कंपनीच्या तपासणी केंद्रात जातात. रायफल शिकंज्यात घट्ट बसवायची, म्हणजे माणसाची चूक बाजूला निघते. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारायचे. ज्या लॉटचे ग्रुप सगळ्यात लहान आणि सगळ्यात सारखे, तो लॉट पाच-दहा हजार गोळ्यांच्या हिशेबाने उचलायचा. वर्षाची बेगमी झाली.

आमच्या पोरीच्या रायफलीचं काय झालं

पोरीकडे एकाच लॉटच्या हजार गोळ्या होत्या. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "टॉपची आहे, डोळे झाकून घ्या." बापाने डोळे झाकूनच घेतल्या. खर्च एवढा झाला होता, त्यात गोळीत कशाला कंजुषी.

क्लबच्या रेंजवर, क्लबच्या नोंदवहीत रीतसर नोंद करून पाच लॉट तपासले. मी स्वतः एक दिवस जाऊन बसलो. रायफल स्टँडवर, पोरगी बाजूला उभी, बाप कोपऱ्यात हाताची घडी घालून. बाईंनी प्रत्येक लॉट बदलताना आधी पंधरा-वीस गोळ्या नुसत्या मारायला लावल्या, मोजल्याच नाहीत. म्हटलं, वाया का घालवता? त्या म्हणाल्या, "प्रत्येक कंपनीचं ग्रीस वेगळं. आधीचं बॅरलमधून निघून नवीन बसल्याशिवाय निकाल खरा नसतो."

पाच गोळ्यांचा एक छान ग्रुप पडला तेव्हा बाप खूश होऊन पुढे आला. बाईंनी थांबवलं. "पाच गोळ्या नशिबानंही जवळ लागतात. चाळीस बघू." चाळीस मारल्या, एकावर एक ठेवून बघितल्या, तेव्हा त्या छान लॉटच्या दोन गोळ्या बाहेर पळालेल्या दिसल्या. सामन्यात त्या दोनच गोळ्या घात करतात.

निकाल सांगतो. घरात असलेल्या 'टॉपच्या' लॉटचा ग्रुप दहा रुपयाच्या नाण्याएवढा. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, त्याच किमतीच्या दुसऱ्या लॉटचा ग्रुप शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा. आणि दुसऱ्या नंबरावर आली एक स्वस्तातली गोळी, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

पाच महिने पोरगी स्वतःला शिव्या देत होती. दोष डब्यात होता.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मला वाटलं आनंद होईल. ती म्हणाली, "काका, निवड चाचणी होऊन गेली ना पण." दोन गुणांनी हुकली होती.

आणि पुढचा अंक अजून बाकी होता. जमलेला लॉट विकत घ्यायला गेलो तर थोडेच डबे शिल्लक. बाकीचा माल ज्यांना आधी कळलं त्यांनी उचललेला. लॉट संपला की संपला, तोच परत बनत नाही. नव्याने तपासणी, नव्याने खर्च. त्या रात्री बाप ओट्यावर बसून जे बोलला, ते या पोस्टचं कारण आहे.

"रायफलीला साडेबारा टक्के गेलं. आता गोलीला काय इकू?"

७२ वर्षांत काय बदललं?

आता जरा कोल्हापूरला जाऊ, कारण नेमबाजी आणि कर्ज या दोन्हींचा धागा तिथे आहे.

१९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, ही हकीकत कोल्हापुरात आजही सांगतात. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, कांस्य. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक.

स्वप्निल राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, रेल्वेत टीसी म्हणून लागला, बालेवाडीत दीपाली देशपांडे यांच्याकडे शिकला. वडील शिक्षक. सुरुवातीच्या काळात त्यांनी रायफल आणि गोळ्यांसाठी कर्ज काढलं, हे पदकाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत कौतुकाने छापून आलं. मीही माझ्या पेपरात छापलं. 'बापाच्या त्यागाची कहाणी' वगैरे मथळा दिला. आज तो मथळा आठवून लाज वाटते. प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं १९५२ ला, शिक्षक बापाने कर्ज काढलं या शतकात, आणि आमच्या पट्ट्यातल्या बापाने साडेबारा टक्के विकले परवा. मधल्या काळात राज्य श्रीमंत झालं, बंदर आलं, सेतू झाला, पण गोळीचे पैसे अजून बापाच्याच खिशातून जातात. त्याला त्याग म्हणून आपण टाळ्या वाजवतो, आणि व्यवस्थेचं अपयश बाजूला राहतं.

पदक आल्यावर राज्य सरकारने स्वप्निलला १ कोटी जाहीर केले. मिळायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. वाद एवढाच की पैसा पदकाच्या नंतर येतो आणि लॉटची तपासणी पदकाच्या दहा वर्षं आधी करायची असते.

पॅरिसचंच एक उदाहरण बघा. पात्रता फेरीत स्वप्निलचे ५९० गुण झाले, सातवा आला, आठ जण अंतिम फेरीत गेले. भारताचाच दुसरा नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर याचे ५८९ झाले आणि तो अकरावा. एक गुण. साठ गोळ्यांत एक गुण. गोळीमुळे हा फरक पडला असं मी अजिबात म्हणत नाही, दोघेही वरच्या दर्जाचे, दोघांनाही चांगली गोळी मिळत असणार. मी एवढंच दाखवतोय की या खेळात एका गुणाची किंमत काय असते. मग ज्या पोरांना साधा लॉट तपासायलाही मिळत नाही, त्यांचे चार-पाच गुण घरातून निघतानाच गेलेले असतात.

वडापावच्या भावाचा हिशेब

आता खर्चाकडे येऊ. एका चांगल्या मॅच गोळीच्या पैशात नाक्यावर एक वडापाव येतो, कधीकधी दोन. गंभीरपणे खेळणारा नेमबाज दिवसाला शंभर-दीडशे गोळ्या सहज मारतो. म्हणजे रोज शंभर-दीडशे वडापाव. एका सामन्यात साठ गोळ्या, शिवाय नेम जुळवायच्या सायटर वेगळ्या. आणि नुसती तपासणी करायची म्हटलं, आठ लॉट, प्रत्येकी चाळीस, अधिक बॅरल बदलायच्या पंधरा-वीस, की पाचशेच्या आसपास गोळ्या संपल्या. त्यातली एकही सरावाची नाही आणि एकही सामन्याची नाही.

ज्याच्याकडे पैसा आहे तो पाचशे गोळ्या उडवून उत्तर मिळवतो. ज्याच्याकडे नाही तो उत्तर न मिळवता वर्षभर चुकीची गोळी मारतो आणि मग सोडून देतो. आपण म्हणतो, पोरात जिद्द नव्हती.

आयातीचा भाग आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. निम्मं उरण आणि पनवेल बिल ऑफ एंट्रीवर जगतं. कस्टम्स टॅरिफचा चॅप्टर ९३, हेडिंग ९३०६, काडतुसं. परवानगीशिवाय एक गोळी देशात येत नाही, आणि तसंच असायला हवं, त्यात सूट मागणारा मी नाही. नामांकित नेमबाजांना रायफल असोसिएशनच्या शिफारशीवर आयातीची सोय आहे. पण नामांकित व्हायला आधी गुण लागतात, गुणांना गोळी लागते, आणि गोळीला नामांकित असावं लागतं. हा गोल चक्कर करळ फाट्यावरच्या ट्रॅफिकसारखा आहे, आत शिरलं की बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही.

'आधी पाणी द्या, मग गोळ्या द्या'

हे लिहिण्याआधी दोन-तीन मित्रांशी बोललो. त्यांचे आक्षेप लपवत नाही.

पहिला म्हणाला, "अरे, गावात दिवसाआड पाणी, रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा, आणि तू रायफलीचं काय घेऊन बसलास?" रास्त आहे. पाण्यावर मी लिहिलंय, पुढेही लिहीन. पण आपल्या पोरांनी एका बाजूला ट्रेलर आणि दुसऱ्या बाजूला कंत्राटी नोकरी यांच्यामध्येच जगायचं, हे कोणी ठरवलं? एखादीने पन्नास मीटरचा रस्ता निवडला तर तिच्यामागे उभं राहायला पाणी आडवं येत नाही.

दुसरा स्वतः माजी खेळाडू. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. हल्लीची पोरं गुण कमी आले की गोळीला दोष देतात." यातही तथ्य आहे आणि पालकांनी ते कानात साठवून ठेवावं. नवशिक्या पोराला महागडा लॉट देऊन काही होत नाही. ज्याचा स्वतःचा ग्रुप अजून ताटलीएवढा आहे, त्याला बटणाएवढ्या ग्रुपची गोळी देणं म्हणजे पैसे पाण्यात. बाईंचं म्हणणं असं, की आडवं पडून, प्रोनमध्ये, पोरगं सातत्याने दहाच्या आसपास मारायला लागलं की मग लॉटचा विचार. तोपर्यंत स्वस्त पण एकसारखी गोळी पुरते. पण त्यानंतर मात्र गोळी तपासल्याशिवाय पोराला दोष देणं पाप आहे.

तिसरा आक्षेप असा, की एवढे दारूगोळ्याचे कारखाने आपल्याकडे असताना बाहेरून कशाला? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. पुण्याच्या खडकीचा कारखाना १८६९ पासून दारूगोळा बनवतोय. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला लष्करासाठी लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत, तिचं मुख्यालयही पुण्यातच. दीडशे वर्षांचा अनुभव राज्यात आहे, आणि तरी मोठ्या सामन्यात आपला नेमबाज इंग्लंड नाहीतर जर्मनीचा डबा उघडतो. लष्कराला हवी चिखलात, थंडीत, उन्हात हमखास उडणारी गोळी. नेमबाजाला हवी आधीच्या गोळीसारखी हुबेहूब गोळी. कौशल्य वेगळं आहे, बाजार लहान आहे, मान्य. पण जो देश उपग्रह सोडतो त्याला एकसारखी गोळी बनवता येणार नाही, हे मला पटत नाही. कोणी मागितलीच नाही, हे जास्त खरं असावं.

मग मागणी काय?

नुसतं रडगाणं गाऊन पोस्ट संपवायची नाही. चार गोष्टी ठरवून मागूया.

एक. राज्यात किमान दोन ठिकाणी सार्वजनिक लॉट तपासणी केंद्र. बालेवाडीला एक आणि कोकण पट्ट्यासाठी रायगडात एक. लागतं काय? पक्का शिकंजा, इलेक्ट्रॉनिक टार्गेट, वेग मोजायचं यंत्र, एक जाणकार माणूस आणि नोंदवही. परवानाधारक कोणीही नेमबाज नाममात्र फीमध्ये रायफल आणून बांधेल. एका उड्डाणपुलाच्या रंगरंगोटीएवढाही खर्च येणार नाही.

दोन. राज्य संघटनेने गोळी एकत्र खरेदी करावी. आठ-दहा लॉटचे नमुने आधी आणायचे, तपासायचे, कोणाला कोणता जमतो ते लिहायचं, आणि मग त्या-त्या लॉटचा साठा त्या-त्या पोरांसाठी राखून ठेवायचा. आज हेच श्रीमंत नेमबाज स्वतःच्या पैशाने करतो. ते सगळ्यांसाठी करा.

तीन. राज्याची 'मिशन लक्ष्यवेध' नावाची योजना आहे, नेमबाजी तिच्यात आहे. तिच्यात नव्या रायफलीबरोबर तपासणीच्या गोळ्यांसाठी वेगळी तरतूद करा. लक्ष्यवेध म्हणायचं आणि बाणाला पैसे नाहीत, असं नको.

चार, आणि हे आपल्या घरचं. जेएनपीए, म्हणजे आपली जेएनपीटी, २६ मे १९८९ ला सुरू झाली. जमीन आपली गेली, बंदर मोठं झालं, सीएसआरचा निधी दरवर्षी असतो. पन्नास मीटरची रेंज म्हणजे काय, एक लांब शेड, जाड भिंती, मागे गोळ्या अडवायची सोय आणि पोलिसांची परवानगी. लांब शेड बांधायचं तंत्र या तालुक्याला कोणी शिकवायला नको, इथली गोडाऊनं पन्नास मीटरच्या कितीतरी पुढे जातात. एक शेड पोरांसाठी द्या. शेजारी नवीन पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी आहे. त्या स्वतः अथेन्सच्या ऑलिंपियन, २००४ च्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारलेल्या. म्हणजे मार्गदर्शन वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. पण एअर रायफल शिकून पुढे पॉइंट २२ ला जायचं म्हटलं की आपल्या पोरीला सेतू ओलांडून मुंबई नाहीतर घाट चढून पुणे गाठावं लागतं.

ज्यांच्या घरात रायफल येणार आहे त्यांच्यासाठी

बाईंनी सांगितलेल्या चार गोष्टी जशाच्या तशा देतो, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

नवीन बॅरलवर पहिल्याच दिवशी पाच हजारांचा लॉट उचलू नका. काही शे गोळ्या जाऊ द्या, बॅरल बसू द्या, मग तपासा. स्टॉकचे स्क्रू दरवेळी एकाच जोराने आवळा आणि तो आकडा लिहून ठेवा, नाहीतर गोळी तपासताय की स्क्रू तेच कळत नाही. एका ग्रुपवर भाळू नका, चाळीस गोळ्यांशिवाय निर्णय नको. आणि आपल्याकडची खारी हवा विसरू नका. परवान्याच्या नियमांप्रमाणे कुलपात ठेवायच्याच, पण हवाबंद डब्यात, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर अजिबात नाही.

सगळ्यात महत्त्वाची पाचवी गोष्ट माझी. रायफलीचं बजेट ठरवताना गोळीचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यात रायफल घ्या. थोडी साधी रायफल आणि जमलेली गोळी, ही जोडी भारी रायफल आणि अंदाजाच्या गोळीला हरवते. बापाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्याने थोडी कमी किमतीची रायफल घेतली असती आणि पाच महिने वाचले असते.

पोरगी सध्या त्या दुसऱ्या नंबराच्या स्वस्त गोळीवर खेळतेय, कारण तो लॉट मिळतोय आणि परवडतोय. गुण पाच-सहाने वर आलेत. घरात उरलेल्या 'टॉपच्या' गोळ्या ती स्टँडिंगच्या सरावाला वापरते आणि डब्यावर तिने पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "चूक माझी नाही."

पुढची निवड चाचणी पावसाळ्यानंतर आहे. तोपर्यंत हा लॉट पुरला पाहिजे. तिने मोजून ठेवल्यात, किती मारायच्या आणि किती राखायच्या. तेवीस वर्षांच्या पोरीने सरावाच्या गोळ्या रेशनच्या तांदळासारख्या मोजाव्यात, आणि आपण पदकाच्या दिवशी नाक्यावर बॅनर लावावेत, हे काही बरं दिसत नाही.

ही पोस्ट आमदार, खासदार, बंदराचे अधिकारी, क्रीडा खातं, ज्यांच्यापर्यंत पोचवता येईल त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि तुमच्या ओळखीत एखादा पॉइंट २२ चा नेमबाज असेल, गुण घसरल्यामुळे गप्प गप्प झालेला, तर त्याला बोलण्याआधी एक विचारा. लॉट नंबर बघितलास का रे बाबा?

#उरण #न्हावाशेवा #नेमबाजी